शेपटीला पटलेले दांडे : झाडावर चढणाऱ्या सापासाठी घेतलेल्या पर्च-किटचं परीक्षण

सापाला बसायला-लटकायला पर्च, म्हणजे आडवा दांडा, घेताना लोक लांबी बघतात, रंग बघतात, किंमत बघतात. मी शेपूट बघते. साप दांड्यावर येऊन स्थिरावला की त्याच्या अंगाचा शेवटचा वीतभर भाग काय करतोय, एवढं पाच मिनिटं बघावं. तो दांडा सापाला मानवला की नाही, ते तिथेच कळतं. या कसोटीवर मी बऱ्याच वस्तू नापास केल्या आहेत. हे किट पास झालं, म्हणून त्याच्याबद्दल सविस्तर लिहिते आहे.

आम्ही मूळचे सावंतवाडीचे, आता इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. आमच्याकडे हळद आहे. हळद म्हणजे जंगल कार्पेट पायथन या अजगराच्या जातीची मादी, काळ्याभोर अंगावर पिवळे पट्टे, लांबी सुमारे १.८ मीटर. ही जात ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या उत्तर भागातल्या पावसाळी जंगलांमधली. इथे ब्रिटनमध्ये पिंजऱ्यात जन्मलेली पिल्लं मिळतात आणि ती पाळायला परवाना लागत नाही. भारतात राहणाऱ्यांनी मात्र हे वाचून उत्साहाच्या भरात काही करू नये. आपल्याकडचा कुठलाही साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि साइट्स (CITES) या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतल्या परदेशी जातींचीही सरकारकडे रीतसर नोंद करावी लागते.

किटमध्ये काय येतं? बीच लाकडाचे तीन गोल दांडे, १८, २८ आणि ४० मिलिमीटर जाडीचे, तुम्ही सांगाल त्या लांबीला कापलेले. ते धरायला सहा कप, स्क्रूची पुडी आणि कॉर्कची एक ओबडधोबड फांदी. टपालखर्च धरून ५२ पौंड पडले. बनवणारी दोनच माणसं आहेत, स्वतःही साप पाळणारी. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण वस्तू हातात घेतल्यावर ते लगेच जाणवतं.

सगळ्यात आधी कपांबद्दल. हे कप वरून उघडे आहेत. म्हणजे दांडा त्यात अडकवून ठेवलेला नसतो, नुसता बसवलेला असतो. उचलला की सापासकट बाहेर येतो. झाडावर राहणारा साप पाळणाऱ्याला याची किंमत कळेल. रात्रभर दांड्यावर बसलेल्या सापाला हाताने सोडवायला जाणं म्हणजे त्याच्याशी झटापट. आपण पुढून उचलतो तसा तो मागून आवळतो, आपण ओढतो तसा तो आणखी आवळतो. या झटापटीत शेपटीचे बारीक मणके दुखावू शकतात, आणि पिल्लांमध्ये तर हा धोका फार मोठा. न्यू गिनीकडच्या हिरव्या ट्री पायथनची नाजूक पिल्लं ज्यांच्याकडे आहेत, ती माणसं म्हणूनच साप न सोडवता दांडाच उचलतात. टाकी, म्हणजे सापाचं पेटीसारखं घर, साफ करायची असेल तर मी दांडा उचलते, शेजारच्या मोठ्या प्लास्टिकच्या डब्यावर आडवा ठेवते आणि माझं काम करते. हळद वेटोळं घालून बसलेली असते तशीच बसून राहते.

कपाची दुसरी गंमत नीट बघितल्याशिवाय लक्षात येत नाही. दांड्याच्या दोन्ही टोकांना खालून सपाट तासलेलं आहे आणि कपाचा तळही सपाट आहे. त्यामुळे दांडा जागच्या जागी फिरत नाही. बाजारात मिळणारे कपड्यांच्या कपाटातल्या रॉडचे गोल कप बरेच जण वापरतात, ते स्वस्त आहेत, पण त्यात गोल दांडा फिरतो. सापाने अंगाचा पुढचा भाग एका बाजूला लोंबकळता सोडला की वजन त्या बाजूला जातं आणि दांडा हळूच गिरकी घेतो. अशा दांड्यावर हळदीची शेपटी कधी सैल पडलीच नाही. आधी एक विळखा, मग दुसरा, मग टोक परत स्वतःच्याच अंगाखाली खुपसलेलं. इतकी आवळायची की खवल्यांच्या मधली कातडी ताणून उघडी दिसायची. या किटच्या २८ च्या दांड्यावर ती एक पूर्ण विळखा घालते, शेपटीचं टोक त्यावर आडवं टाकते आणि सोडून देते. टोक हलत नाही, शोधत नाही. ही स्वस्थ शेपटी बघायला मी पैसे मोजले.

शेपूट म्हणजे नेमकं कुठून कुठपर्यंत, हेही सांगायला हवं. साप बघून पुष्कळांना वाटतं, डोकं सोडलं तर सगळी शेपूटच. तसं नाही. पोटाखालच्या बाजूला विष्ठेचं छिद्र असतं, तिथे धड संपतं आणि शेपूट सुरू होते. धडातल्या मणक्यांना फासळ्यांच्या जोड्या असतात, शेपटीतल्या मणक्यांना अशा सुट्या फासळ्या नसतात. आत आतडी नाहीत, फुप्फुस नाही. कणा आणि त्याच्याभोवती स्नायू, नरांमध्ये बुडाशी जननेंद्रियं, मुख्यतः एवढंच. त्यामुळे धडाला जमत नाही इतक्या लहान वर्तुळात ती वळू शकते. झाडावर राहणाऱ्या अजगरांनी आणि बोआंनी (हेही अजगरासारखेच आवळून मारणारे साप) याचा पुरेपूर उपयोग करून घेतला आहे. दक्षिण अमेरिकेतला एमराल्ड ट्री बोआ आणि न्यू गिनीचा हिरवा ट्री पायथन एकमेकांचे जवळचे नातेवाईक नाहीत, तरी दोघेही हिरवे, दोघेही आडव्या फांदीवर सारखंच वेटोळं घालून बसणारे आणि दोघांच्याही शेपटीला पकड. आपल्या आंबोलीच्या जंगलात पावसाळ्यात बांबूवर चापडा बसलेला दिसतो, त्याचीही शेपटी अशीच धरून ठेवणारी. तो विषारी, त्याला लांबूनच बघावं. पण दुर्बीण असेल तर डोक्यावर खिळवून ठेवू नका, शेवटच्या चार बोटांवर आणा.

आता जाडीकडे येते, कारण किट घेताना लोक इथेच अडतात. साप पाळणाऱ्यांमधला साधा नियम असा, की दांडा सापाच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागाइतका किंवा त्याहून थोडा बारीक असावा. नियम चांगला आहे, पण तो बसण्यापुरता. खाण्यासाठी, चढण्यासाठी, कात टाकण्यासाठी सापाला वेगवेगळ्या जाडीचे दांडे लागतात, आणि या किटमध्ये तीन जाड्या दिल्या आहेत तो मुद्दा मला पूर्ण पटला. ४० च्या दांड्यावर हळद दिवसा ऊब घेते, तिथे तिचं अंग पसरून बसतं आणि शेपटीला विशेष काम नसतं. १८ चा दांडा आम्ही सगळ्यात वर लावला आहे. तो तिच्या वजनाने मधोमध किंचित वाकतो, जंगलातली बारीक फांदीही वाकतेच. रात्री फिरताना त्या दांड्यावरून ती पुढचा अर्धा भाग हवेत आडवा काढते, समोरच्या कॉर्कपर्यंत पोचते आणि पोचल्याची खात्री झाल्यावरच मागची पकड सोडते. खात्री कशी करते ते बघायला मी दिवे मंद करून टाकीसमोर बसते. हनुवटी टेकते, मानेखालचा भाग कॉर्कच्या खाचेत रुतवते, थोडा भार टाकून बघते. तोवर शेपटीचा एकही वळसा सुटत नाही.

खाण्याच्या वेळी २८ चाच दांडा. आमच्या घरी फ्रोझन उंदीर वितळवून, कोमट करून, लांब चिमट्याने देतात, आणि हे काम माझ्या मुलाचं. हळद मागचा तिसरा हिस्सा दांड्यावर ठेवते आणि पुढचा भाग नागमोडी आखडून घेते. मग झडप इतकी वेगात, की डोळ्याला दिसतो तो तिचा परिणाम. उंदीर तोंडात, त्याच्याभोवती दोन वेटोळी, आणि हे सगळं दांड्याखाली हवेत लोंबकळत. सगळा भार पेलतं ते शेपटीचं आणि तिच्या वरच्या थोड्याशा धडाचं. उंदीर आधीच मेलेला आहे हे तिच्या स्नायूंना ठाऊक नाही. ती बराच वेळ आवळून धरते, मग डोकं शोधते आणि तसंच खाली तोंड करून, उलटं लटकून गिळते. पहिल्यांदा माझ्या आईने व्हिडिओ कॉलवर हे बघितलं तेव्हा तिचा जीव टांगणीला लागला. "गो, ती खाली पडाची नाय मां?" पडत नाही. पण दांडा फिरला असता, कप उपटून आला असता, तर पडली असती, आणि उंदीर गिळत असताना पडलेला साप गिळलेलं ओकून टाकू शकतो. म्हणून कप किती घट्ट बसतो याला मी दिखाव्यापेक्षा जास्त गुण देते.

साप नेमका किती जोर लावतो, यावर शास्त्रज्ञांनी मोजमाप केलं आहे. अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठातले ब्रूस जेन आयुष्यभर चढणाऱ्या सापांच्या मागे आहेत. ग्रेग बर्न्स यांच्याबरोबर त्यांनी दाब मोजणारे सेन्सर लावलेल्या उभ्या खांबावर वेगवेगळ्या जातींचे साप चढवले आणि २०१४ साली निष्कर्ष छापला. न घसरण्यासाठी जेवढा जोर पुरे झाला असता, त्याहून कितीतरी जास्त जोराने साप आवळतात. ताकद वाचवण्यापेक्षा न पडणं त्यांना महत्त्वाचं. हे वाचल्यापासून गुळगुळीत प्लास्टिकच्या पाइपाचे पर्च मी कुणालाही सुचवत नाही. साफ करायला ते सोपे आहेत, खरं आहे, पण आधीच जास्त जोर लावणाऱ्या जनावराला आपण घसरडी जागा देऊन आणखी जोर लावायला लावतो.

घसरड्या खांबाची गोष्ट निघालीच आहे तर ग्वाम बेटावरची सांगते. पॅसिफिक महासागरातल्या या बेटावर दुसऱ्या महायुद्धानंतर तपकिरी ट्री स्नेक चुकून येऊन पोचला आणि त्याने तिथले जंगली पक्षी जवळजवळ संपवले. उरलेल्या पक्ष्यांची घरटी वाचवण्यासाठी संशोधकांनी खांबांवर रुंद, गुळगुळीत पत्र्याची नळकांडी चढवली. नेहमीच्या पद्धतीने त्यावर चढता येणार नाही हा हिशेब. तरी साप चढला. त्याने नळकांड्याभोवती अंगाचा एकच मोठा फास टाकला, शेपटीकडचा भाग स्वतःच्याच अंगाला अडकवून तो बंद केला, आणि फासातल्या बारीक वळणांनी इंच इंच वर सरकला. कोकणात नारळावर चढणारा माणूस दोरीचा फास वापरतो, तसं. २०२१ साली हे प्रसिद्ध झालं, त्यात जेनही होते. तो साप मधेमधे घसरत होता, थांबत होता, जोरजोरात श्वास घेत होता, हेही त्यांनी नोंदवलं आहे. गुळगुळीत पृष्ठभाग सापाला किती दमवतो याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

या किटचे बीचचे दांडे बरोबर मधल्या गुणाचे आहेत. पॉलिश नाही, वार्निश नाही, पॉलिश पेपरने फक्त कूस काढलेली. बोट फिरवलं तर बारीक रवाळपणा लागतो. ओल्या फडक्याने पुसलं की डाग निघतात, मात्र दर वेळी पूर्ण वाळवूनच परत लावावे लागतात, नाहीतर लाकूड काळं पडतं. काही जण पकड वाढवायला दांड्यावर चिकटपट्टी गुंडाळतात. ते अजिबात करू नका. चिकटपट्टीचा कोपरा सुटला आणि सापाला चिकटला, तर खवले सोलवटून निघतात. पकड हवीच असेल तर सुती दोरी गुंडाळा आणि गाठी मारा.

कॉर्कची फांदी म्हणजे किटमधली सगळ्यात देखणी वस्तू. कॉर्क ओकची साल पोर्तुगाल-स्पेनकडून येते, वजनाला हलकी, ओल सहन करणारी. तिच्या भेगा इतक्या खोल आहेत, की हळद कात टाकायच्या वेळी दांडे सोडून तिकडेच जाते. नाकाशी कात सुटली की ती भेगेत घासते आणि सबंध कात उलटी होऊन मागे राहते. पण शेपटीचं टोक तपासल्याशिवाय समाधान मानायचं नाही. हवा कोरडी असेल तर कातीचं टोपण शेपटीच्या टोकावर अडकून राहतं. तसं ते दोन-तीनदा साचलं की टोकाचा रक्तपुरवठा तुटतो आणि टोक वाळून गळून जातं. इथल्या हिवाळ्यात हीटिंगमुळे घरातली हवा फार कोरडी होते. सोललेली कात पाण्यात भिजवून पसरा आणि टोक त्यात आहे का बघा. शेपटीचं टोक गेलेला साप जगतो, पण झाडावर राहणाऱ्या सापाची पकड उणावते.

दोष सांगायलाच हवेत. स्क्रू लांब आहेत. टाकीची फळी १५ मिलिमीटरची असेल तर स्क्रूची टोकं पलीकडून बाहेर डोकावतात. आम्ही दुकानातून आखूड स्क्रू आणून बसवले. कपाला दोनच भोकं आहेत, तीन असती तर मी निर्धास्त झाले असते. सूचनांचा कागद एकाच पानाचा, आणि त्यात ऊब देणाऱ्या दिव्याभोवतीच्या जाळीबद्दल एक शब्द नाही. हे मात्र मला खटकलं, कारण दांडा वर लावला की साप दिव्यापर्यंत पोचतो, आणि पकडणारी शेपटी जे सापडेल त्याला पकडते. गरम बल्बलाही ती विळखा घालते. चटका बसत असतानाही साप पटकन सरकेलच याचा भरवसा नाही, भाजलेल्या सापांच्या जखमा फार वाईट असतात. दिव्याभोवती तारेची जाळी हवीच, आणि तिची भोकं शेपटीचं टोक आत जाणार नाही इतकी बारीक. थर्मोस्टॅटची वायरही भिंतीला क्लिपांनी घट्ट बसवा. तिला विळखा घालून साप सेन्सर जागचा ओढून काढतो आणि मग तापमान भलतंच चढतं. मी हे सगळं विक्रेत्याला लिहून कळवलं. पुढच्या कागदात घालतो, असं त्यांचं नम्र उत्तर आलं.

या किटआधी आम्ही आणखी दोन गोष्टी वापरल्या, दोन्हीची नावं घेत नाही. एक म्हणजे तारेवर फोम चढवलेली, हवी तशी वाकवता येणारी वेल. सुरुवातीला शोभून दिसते. मोठा साप शेपटीने आवळू लागला की फोम दबतो, तुकडे सुटतात, ओल आत मुरते आणि वेल वाकून खाली येते. लहान, बारीक सापाला ती चालेल, हळदीला नाही. दुसरी म्हणजे काचेला रबरी कपांनी चिकटणारी जाळीची झोळी. ती सरड्यांसाठीच बरी. सापाच्या ओढीपुढे रबरी कप टिकत नाहीत.

हे किट कुणी घ्यावं? कार्पेट पायथन, ट्री बोआ, ट्री पायथन असेल तर डोळे झाकून घ्या. कॉर्न स्नेक असेल तर कॉर्कची फांदी जास्त घ्या आणि दांडे कमी. कॉर्न स्नेक चढतो उत्तम, पण लटकून बसणाऱ्यांतला तो नाही. त्याच्या पोटाच्या दोन्ही कडांना हलके कोन असतात, ते सालीच्या भेगांत रुतवून तो वर जातो, आणि गुळगुळीत दांड्यावर त्या कडांना काही सापडत नाही. रॉयल पायथन, म्हणजे इथल्या घराघरांतला सगळ्यात लाडका साप, याच्याबद्दल दुकानात ठामपणे सांगतात की तो चढत नाही. ते चूक आहे. नायजेरियाच्या जंगलात त्याचा अभ्यास झाला तेव्हा नर झाडांवर बऱ्यापैकी सापडले होते. शेपटी आखूड, अंग जड, म्हणून त्याला जाड, कमी उंचीवरचा, सालीचा आधार हवा, १८ चा दांडा त्याच्या कामाचा नाही. सँड बोआवाल्यांनी हे पैसे वाचवून जास्तीची वाळू घ्यावी. आपलं मांडूळ त्याच कुळातलं, बोथट शेपटीचं, जमिनीत घुसणारं. त्या शेपटीला धरायचं काही नसतं. तिच्या डोक्यासारख्या दिसण्यापायी मात्र दुतोंड्या म्हणून त्या बिचाऱ्या जनावराची आपल्याकडे तस्करी होते.

सापाला हातात घेतानाही शेपटीचाच विचार आधी करावा. हळद मनगटाला विळखा घालते तेव्हा ती आवळून मारायला निघालेली नसते, तिला आधार हवा असतो. हात स्थिर ठेवला, दुसरा हात पोटाखाली दिला, की विळखा आपोआप ढिला पडतो. सोडवायची वेळ आली तर शेपटीच्या टोकाकडून एकेक वळसा उलगडत यायचं, डोक्याकडून ओढायचं नाही. माझा मुलगा हे इतकं सफाईने करतो, की पाहुणे आले की तेच त्याला करून दाखवायला सांगतात, आणि तो आधी मला विचारतो, "आई, तिने काल खाल्लंय, आज राहू दे ना?" त्याचं बरोबर असतं. खाल्ल्यावर दोन दिवस सापाला हात लावू नये.

पाचपैकी साडेचार गुण. अर्धा कापला तो स्क्रू आणि दिव्याच्या जाळीसाठी. मागवताना टाकीची आतली लांबी मोजून पाठवा, बाहेरची नको, आणि दांडा ९० सेंटिमीटरपेक्षा लांब हवा असेल तर मधे एक उभा आधार बसवून घ्या, आम्ही तसाच बसवला आहे. मोठ्या सापासाठी २८ चे दोन दांडे सांगा, ते वेगळे सव्वाआठ पौंडांना मिळतात. आम्हीही दुसरा मागवला आहे, थंड बाजूला लावायला, कारण सध्या रात्री त्या एकाच दांड्यावर ती बसते आणि ऊब नको असली तरी जागा सोडत नाही.